डाव्या हाताचा चुडा

"वाचा मॅडम, जरा मोठ्यानं," कारखान्याचे मालक नंदूशेठ म्हणाले आणि स्वतः दोन पावलं मागे सरले. वाईट बातमी दुसऱ्याच्या तोंडून आणि चांगली स्वतःच्या, ही त्यांची रीत होती. धंद्यात ती फार उपयोगी पडते.

मी वाचलं. कोळंबी सोलायच्या हॉलमध्ये केसांत फूल नको, नखांना रंग नको, कानात-नाकात काही नको. इथवर बायकांनी ऐकून घेतलं. गळ्यातलं गळाबंद एप्रनच्या आत झाकलं की चालेल, हेही ऐकलं. मग मी शेवटची ओळ वाचली. हातात बांगडी नको, काचेची तर नकोच नको.

हॉलमधल्या सुऱ्या थांबल्या. बर्फाचं पाणी टेबलावरून टपटपत होतं, तेवढाच आवाज.

"म्हंजे हात मोकले करून बसाचं?" धर्मी म्हणाली. धर्मीची जीभ हातातल्या सुरीपेक्षा बारीक कापायची. "आमचे दादले मेले काय?"

"युरोपला आमच्या हातची कोलबी चालते," मागून कुणीतरी म्हणालं, "आमचे दादले चालत नाय."

हॉल हसला. शेठही हसले, कारण हसण्यावारी गेलं म्हणजे निम्मं काम झालं असा त्यांचा समज होता. मग धर्मीने माझ्याकडे मोर्चा वळवला. "बाय, तुजा बरा हाय. तुजा हात पयल्यापासूनच युरोपचा."

मी सांगलीहून मायक्रोबायॉलॉजी शिकून आलेली, बिनलग्नाची. हातात एक घड्याळ. नियमाने तेही काढायचं होतं, पण त्या घड्याळाच्या पट्ट्याला कुणाचा जीव बांधलेला नव्हता.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. वाकणखार बंदरातला आमचा तो कारखाना तेव्हा तीन दिशांना कोळंबी पाठवत असे. जपान्यांना सगळी कोळंबी एका मापाची लागे. आखातातल्यांना कागद चोख लागत. युरोपातल्या देशांनी मात्र एकत्र येऊन सगळ्यांची मिळून एकच नियमावली केली होती, आणि तिच्यात भिंतीच्या रंगापासून कामगाराच्या खोकल्यापर्यंत सगळं होतं. ते कुणावर जबरदस्ती करत नसत. असं असेल तर घेऊ, नसेल तर राहू दे, इतकंच म्हणत. बळजबरी न करता माणसाला वाकवायची ही रीत जगाला नवी वाटली असेल. आपल्याकडे सासवा ती फार पूर्वीपासून वापरतात.

आणि खरं सांगायचं तर नियम खोटा नव्हता. आमच्याकडून गेलेल्या एका खोक्यात तिकडच्या बंदरावर हिरव्या काचेचा तुकडा सापडला होता. पूर्ण माल परत आला होता. आता गुरुवारी त्यांचा तपासनीस स्वतः येणार होता. त्याने मान डोलावली तर मंजुरी राहणार, नाहीतर हंगाम संपेपर्यंत सोलायचा हॉल बंद. आणि हॉल बंद म्हणजे वाकणखारच्या बायका पुन्हा डोक्यावर टोपली घेऊन दारोदार.

हे सगळं चांगुणाला माझ्याआधी कळलं होतं. चांगुणा तांडेल ही टेबलांची मुकादमीण. हॉलमधली प्रत्येक बाई तिच्या शब्दावर कामाला आली होती. सगळा गोंधळ चालू असताना ती एकटीच टेबलावरची सालं गोळा करत होती. मग तिने हात धुतले आणि विचारलं, "किती येल काढाचं?"

"आत आहात तोवर."

"रोज?"

"रोज."

"बरा," ती म्हणाली, आणि पुन्हा कोळंबी सोलू लागली. तिचं 'बरा' म्हणजे होकार नसे. ते ऐकल्याची पोच असे.

दुपारी शेठनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्याकडे तोडगा तयार होता. गुरुवारी एका दिवसापुरत्या तालुक्याच्या कॉलेजातल्या मुली टेम्पोतून आणायच्या, गावातल्या चार विधवा बायका घ्यायच्या, आणि टेबलांवर उभ्या करायच्या. साहेब मोकळे हात बघेल, खूश होऊन जाईल. शुक्रवारी जैसे थे.

"रांडाव बाया गोला करून युरोपला दाखवनार?" चांगुणाने विचारलं.

"अगं, दाखवायला काय जातंय? सगळे असंच करतात."

"करत असतील. शेठ, काच काय गुरुवारची सुट्टी घेऊन शुकरवारी कामाला येते? ती पुन्ना फुटंल. पुन्ना गावंल. मंग काय दाखवशील?"

शेठ रागावले. "मग तू काढ ना चुडा! तू काढलास की सगळ्या काढतील."

चांगुणाने डावा हात पदराखाली घेतला. तिने तो मुद्दाम घेतला असं मला वाटलं नाही. हातच तिथे गेला.

"गुरुवारी सांगन," ती म्हणाली.

त्या गावची एक रीत मला तोवर माहीत नव्हती. वाकणखारच्या लग्न झालेल्या बाईच्या फक्त डाव्या हातात चुडा असतो. उजव्या हातातला लग्नानंतर दर्यात सोडतात. दर्याने तो ठेवून घ्यायचा आणि त्याच्या बदल्यात तिचा नवरा सांभाळायचा. मला हा व्यवहार फार पसंत पडला. हप्ता एकदाच भरायचा आणि विमा जन्माचा. पण मग उरलेल्या डाव्या हाताचं मोल किती वाढतं, ते बघा. मंगळसूत्र काय, अडीअडचणीला सावकाराकडेही जाऊन येतं. चुडा कुठे जात नाही. तो उतरतो एकदाच, आणि तेव्हा फोडूनच उतरवतात.

त्या संध्याकाळी शेठनी मला चांगुणाबरोबर कोळीवाड्यात धाडलं. बघून या म्हणाले. मासळी वाळवायच्या मांडवाखाली बायका जमल्या होत्या. मध्ये पायरीवर बसली होती चांगुणाची सासू, नागूआय. सुकलेल्या सुरमईसारखी ताठ, दोन्ही हात उघडे. तिचा नवरा फार पूर्वी दर्यात गेला होता. तो गेला तो गेलाच, प्रेतही लागलं नव्हतं.

"उजवा हात दर्याचा," नागूआय म्हणाली, "आन डावा माज्या पोराचा. त्याच्यात युरोपचा हात खयचा आला?"

"तुज्या पोराचा ना?" चांगुणा म्हणाली. "मंग पोरालाच इचारू. जोमा मंगलवारपरत येतो. त्याच्या समोर उभी राहीन, तो बोलला 'काढ' तर काढीन. दादला समोर हाय, जिता हाय, मंग कसला अपशकून?"

मांडवाखाली कुजबुज झाली. तोडगा सगळ्यांना पटला. नवरा डोळ्यांसमोर धडधाकट उभा असताना चुडा उतरवला तर दर्यालासुद्धा बोलायला जागा नव्हती. नागूआयने खूप शोधलं, पण खोट सापडली नाही. म्हणून ती म्हणाली, "तो आल्यावर बघू." सासूच्या हिशेबात हे 'हो'च असतं, फक्त उधारीवर.

मी शेठना सांगितलं, काम झालं.

मंगळवारी होड्या आल्या. जोमाची आली नाही. बुधवारी उरलेल्या आल्या. कुणी म्हणे, वारा फिरला तेव्हा ती दूर बाहेर दिसली होती. कुणी म्हणे, इंजिनाचा आवाज बरोबर नव्हता. बुधवारी संध्याकाळी चांगुणा जेट्टीवर उभी होती, आणि तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. मी जवळ गेले तर म्हणाली, "जा बाय, हॉल धुऊन घे. उद्या तो बोंबील येनार." तपासनीस गोरा, लांब आणि हाडकुळा असतो, हे त्या बायकांनी त्याला बघण्याआधीच ठरवून टाकलं होतं.

आणि गुरुवारी तो गाडीतून उतरला तो अगदी तसाच.

आन्डर्स त्याचं नाव. वागायला सौम्य. मी त्याला दारातल्या बेसिनपाशी घेऊन गेले. त्याच्याच नियमावलीप्रमाणे बसवलेला साबण आणि कोपराने उघडायचा नळ. बायका दाराबाहेर दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. एप्रन घातलेले, टोप्या घातलेल्या आणि डाव्या हातात चुडे. गेटामागे शेठचा टेम्पो उभा होता. आतल्या कॉलेजच्या मुली मान बाहेर काढून बघत होत्या. शेठनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले: वेळ आली तर आहे.

चांगुणा आली. नागूआय तिच्याबरोबर होती आणि तिने सुनेचा डावा हात मनगटाच्या वर घट्ट धरला होता, बाजारात पोर हरवू नये म्हणून धरतात तसा. जोमाची खबर नव्हती. ते त्यांच्या चेहऱ्यांवरून आंधळ्यालाही कळलं असतं.

आन्डर्स हात धूत होता. चांगुणा त्याच्याकडे बघत होती.

"बाय," ती मला म्हणाली, "त्याच्या बोटात काय हाय?"

सोन्याची अंगठी होती. मी विचारलं. तो म्हणाला, लग्नाची आहे. आणि मोकळेपणाने आपल्या पुस्तकातलं पान उघडून दाखवलं. आम्हाला आलेल्या कागदात तेवढं आलं नव्हतं. लग्नाची साधी, बिनखड्याची अंगठी चालते.

मी सांगितलं. न सांगून चाललं नसतं. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"म्हंजे त्याचं लगीन आत जाते," धर्मी सावकाश म्हणाली, "आन आमचा भाईर."

हे मला इंग्रजीत सांगताना अंग चोरावं लागलं. आन्डर्स कानापर्यंत लाल झाला. मग त्याने विचारलं, बांगडी काढली तर काय होतं?

"नवरा मेला असा अर्थ होतो."

"यांचा नवरा कुठे आहे?"

"समुद्रात. परवा यायला हवा होता."

त्याने पुस्तक मिटलं. माणूस चांगला होता, आणि चांगल्या माणसांची भीती वाटते ती इथेच. तो हळू आवाजात म्हणाला, "आज नको. हॉल चालू नव्हता असं मी लिहितो. पुढच्या हंगामात पुन्हा येईन. यांना हे करायला लावू नका."

पुढच्या हंगामापर्यंत मंजुरी नाही. शेठ जवळच्या खोक्यावर बसले. त्याची दया आम्हाला त्याच्या नियमापेक्षा महाग पडणार होती.

"काय बोलला?" चांगुणाने विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं.

"त्याला सांग, उबा राहा. माज्या दादल्याची दया करू नको, तुजा तो कोनी लागत नाय." मग ती शेठकडे वळली. "आन तू तो टेम्पो मागं फिरव."

तिने सासूची बोटं एकेक करून आपल्या हातावरून सोडवली.

"आज नको गो," नागूआय म्हणाली. "तो येऊं दे. मंग मी सोता काढीन तुज्या हातातला. आज नको."

"आये," चांगुणा म्हणाली, "बा गेला तवा तुज्या हातात चुडा होता ना?"

नागूआयने आपले उघडे हात पदराखाली घेतले.

"होता ना? डावा हात भरलेला होता. उजव्याचा दर्याला दिलेला होता. तू कायबी काढलेलं नव्हतास. तरी गेला ना तो?"

इतकी वर्षं गावात कुणी तिला हा प्रश्न विचारला नव्हता. तिने स्वतःला विचारला असेल का, ते मी सांगू शकत नाही.

"मी काय केलेलं नव्हता," ती शेवटी म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मी कायपन केलेलं नव्हता."

"तेच बोलते मी."

चांगुणाने बेसिनवरचा साबण दाबून हातावर घेतला. कासार चुडा भरतो तेव्हा हात दाबून दाबून भरतो. तो परत न फुटता निघावा अशी सोय त्यात नसते. तिने अंगठा आत दुमडला आणि पहिली बांगडी ओढली. हाडावर अडकली. तिने दात आवळले. कातडी लाल झाली, पांढरी झाली, आणि बांगडी साबणासकट सटकून बाहेर आली. अखंड. मग दुसरी. फोडली असती तर क्षणाचं काम होतं, पण ती एकही फोडायला तयार नव्हती.

सगळ्या बांगड्या निघाल्यावर ती त्या ओल्याच हातात घेऊन उभी राहिली. शेठ लगबगीने प्लॅस्टिकचा ट्रे घेऊन आले.

"चुडा काय ट्रेत ठेवाचा असतो?" ती म्हणाली. "चुडा हातात असतो. आये, हात कर."

"मना?"

"तुना."

"मी रांडाव बाई, गो!" नागूआय एक पाऊल मागे सरली. बायकांमध्ये गलका झाला. कुणीतरी "पाप, पाप" म्हणालं. "हिरवा चुडा माज्या हातात? लोकं काय बोलतील?"

"तुजा हात रिकामा हाय म्हनून तर मागते. भरलेला हात माज्या काय कामाचा? जोमाचा चुडा हाय, जोमाच्या आयच्या हातात ऱ्हाईल. माजी कामाची पाली सुटली का परत घेईन. एक घडीसुदा तो बिनहाताचा ऱ्हानार नाय. दर्याला सांग, मोजून घे."

नागूआय आपल्या हाताकडे बघत राहिली. वाळूत पडून राहिलेल्या लाकडासारखा हात, शिरांनी भरलेला. तो तिने हळूहळू पुढे केला. सगळ्या बायका श्वास धरून होत्या, आणि आन्डर्सही. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं.

"जोरानं नको ढकलू," नागूआय म्हणाली. "हाड जुना हाय."

पण ढकलावं लागलंच नाही. म्हातारपणाने हात इतका सुकला होता की बांगड्या अलगद वर गेल्या, खळखळल्या, आणि थांबल्या. त्या आवाजाने ती दचकली.

चांगुणाने मोकळा हात कोपरापर्यंत धुतला आणि मागे न बघता हॉलमध्ये गेली.

नंतरचं फार बोलण्यासारखं नाही. धर्मीने साबण घेतला आणि म्हणाली, "आये, दुसरा हात हाय ना?" तिच्यामागून आणखी एक. नागूआयचे दोन्ही हात भरले तेव्हा तिनेच गेटापलीकडच्या मासळीच्या मांडवाच्या दिशेने हाक मारली, "गो मानके, इकडं ये, आन त्या दोघींना पन घेऊन ये. उघडे हात काय शिक्यात टांगून ठेवले काय?" गावातल्या तीन-चार म्हाताऱ्या विधवा आल्या. घाबरत आल्या, पण आल्या. मला वाटतं, त्यांतल्या एकीने वाटेतच पदर नीट केला होता.

सगळ्या आत गेल्यावर आन्डर्सही हॉलमध्ये जायला निघाला, तर नागूआयने त्याच्यापुढे तळवा पसरला.

"आन तुजी?"

मी भाषांतर केलं नाही. गरज नव्हती. त्याला नियमाची मुभा होती, आणि ती मुभा छापलेलं पुस्तक त्याच्या काखेत होतं. त्याने काचेतून आत पाहिलं. टेबलांवर सगळे हात उघडे होते. मग त्याने बोटाला साबण लावला. अंगठी सहजी निघेना. तो पिळत राहिला आणि म्हातारी "सावकास, सावकास" म्हणत राहिली. तिने ती पदराच्या गाठीत बांधली.

आत त्याने सगळं बारकाईने तपासलं. आमच्या बर्फाबद्दल त्याने दोन कडक शेरे मारले, आणि ते बरोबर होते. दागिन्यांच्या रकान्यात काय लिहितो म्हणून मी वाकून पाहिलं. 'दागिने : नाहीत.' एवढंच. युरोपच्या दप्तरी त्या सकाळची नोंद तेवढीच आहे.

चांगुणाने दिवसभर मान वर केली नाही. तिच्या टेबलावरची कोळंबी रोजच्यापेक्षा लवकर सोलून होत होती. मी एकदा शेजारी जाऊन उभी राहिले, तर म्हणाली, "बाय, सावली नको पाडू."

दुपार कलल्यावर आन्डर्सला निरोप द्यायला मी त्याच्याबरोबर दाराशी आले. भिंतीच्या सावलीत म्हाताऱ्या ओळीने बसल्या होत्या. नागूआय पहिली. कोपरापर्यंत हिरवी झाली होती. काच काचेवर आपटू नये म्हणून तिने दोन्ही हात मांडीवर उताणे, एकमेकांपासून लांब ठेवले होते. त्याच्या अंगठीसाठी तिला गाठ सोडता येईना, म्हणून मीच तिच्या पदराची गाठ सोडायला वाकले.

तेवढ्यात जेट्टीकडून आरडाओरड ऐकू आली. गेटातून एक काळा, दाढी वाढलेला, मिठाने पांढरा पडलेला माणूस धावत आला. बंद पडलेलं इंजिन घेऊन दुसऱ्या होडीच्या दोराने ओढला जात जोमा किनाऱ्याला लागला होता, आणि जेट्टीवर त्याला कुणीतरी सांगितलं होतं की तुझ्या बायकोने हात मोकळा केला. तो दारापर्यंत आला आणि आईला बघून जागच्या जागी थांबला. तिच्या हातांकडे बघत राहिला. त्याला काही सुधरेना.

"आये," तो म्हणाला, "बा परत आला का काय?"

नागूआयच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. ते पुसायला हात उचलायची तिची छाती नव्हती, त्याला कवटाळायची तर नव्हतीच. काच होती. आणि दुसऱ्यांची होती.

"गप ऱ्हा मेल्या," ती म्हणाली. "कामावर हाय मी."